बाबांसोबत क्वीन मेरीच्या इंजिन रूममध्ये

२०२३ च्या उन्हाळ्यात आई बाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियाला आले होते, तेव्हाची ही गोष्ट, लिहायची राहूनच गेली होती. ज्यांचे आई बाबा इकडे येऊन राहून गेलेत त्यांना माहितीये की पहिले तीन आठवडे मजेत जातात, मग चौथ्या आठवड्यापासून बाबा लोक खिडकीत उभे राहायला लागतात. आईला स्वयंपाकघर असतं, नात असते, फोनवर बहिणी असतात. बाबांना काय? गाडी चालवता येत नाही, कोपऱ्यावर चहाची टपरी नाही, गप्पा मारायला कोणी नाही. माझे बाबा तर ३६ वर्षं माझगाव डॉकमध्ये फिटर होते, हाताला काम नसलं की त्यांना खरंच त्रास होतो. आमच्या घरातले सगळे गळके नळ त्यांनी पहिल्या आठवड्यातच दुरुस्त करून टाकले होते.

तर एका रविवारी नवरा म्हणाला की लाँग बीचला क्वीन मेरी, ते जुनं प्रवासी जहाज, बघायला जाऊया, पस्तीस चाळीस मिनिटांवर आहे, करोनात बंद होती ती आता परत सुरू झालीये. बाबांना सांगितलं तर म्हणाले आयुष्यभर जहाजंच बघितली गं, आता तिकीट काढून काय बघायची. मला जरा वाईट वाटलं पण मी इंजिन रूम दाखवतात ती गाईडवाली टूर बुक केली, त्यांना काही न सांगता. तिकीट वेळेचं असतं आणि जिने पुष्कळ आहेत, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना घेऊन जाणार असाल तर हे आधी लक्षात घ्या, आम्ही आईला वरच ठेवलं आणि ती तिथे अगदी खूश होती.

पार्किंगमधून पहिल्यांदा ती दिसते ना, काळं अंग, वर पांढरे मजले आणि तीन लालभडक धुरांडी, तेव्हा बाबा गाडीतून उतरून नुसते उभे राहिले. एक हजार एकोणीस फूट लांबी आहे. म्हणजे मुंबईत लोकलचा १५ डब्यांचा प्लॅटफॉर्म असतो ना, जवळपास तेवढी. बाबांनी काय बघितलं तर बाजूच्या पत्र्याचे जोड. म्हणाले, "हे बघ, सगळं रिव्हेटचं काम आहे, वेल्डिंग नाही." नंतर गाईडने सांगितलं की एक कोटीच्या वर रिव्हेट आहेत ह्या जहाजात. प्रत्येक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा जाड लोखंडी खिळा, भट्टीत लाल करायचा, पकडायचा, भोकात घालायचा, एका बाजूने कोणीतरी दाबून धरायचा आणि दुसऱ्या बाजूने ठोकायचा. एक कोटी वेळा. बाबा डॉकमध्ये लागले तोवर वेल्डिंगचा जमाना होता पण जुने रिव्हेटवाले कामगार त्यांनी बघितलेले, बहुतेक सगळे कानाने बहिरे झालेले असायचे म्हणाले.

वरचे मजले मी भरभर सांगते कारण त्यावर सगळेच लिहितात. लाकूडकाम अप्रतिम आहे, ५६ प्रकारची लाकडं वापरलीत, पुढच्या टोकाला अर्धगोल बार आहे तो अगदी १९३६ सालातला वाटतो. आईला सगळ्यात आवडला तो पूर्वीचा फर्स्ट क्लासचा जेवणाचा हॉल, तिथे भिंतीवर अख्ख्या अटलांटिक महासागराचा नकाशा रंगवलेला आहे, एका बाजूला इंग्लंड दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क, आणि त्यावर काचेचं छोटं जहाज सरकायचं, म्हणजे जेवता जेवता कळायचं आपण आज कुठवर आलो. रस्ते पण दोन, उन्हाळ्याचा वरून आणि हिवाळ्याचा खालून. आई म्हणाली आमच्या एसटीत असं काहीतरी पाहिजे होतं, कोकणात जाताना पोरं डोकं खातात कुठे आलो कुठे आलो म्हणून.

गाईड होते एक साठीच्या पुढचे गृहस्थ, शांत, हळू बोलणारे. त्यांनी आधी जहाज कसं बांधलं ते सांगितलं. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी क्लाइडबँक म्हणून गाव आहे, तिथल्या जॉन ब्राऊनच्या यार्डात १९३० च्या डिसेंबरमध्ये काम सुरू झालं. तेव्हा जहाजाला नाव पण नव्हतं, नुसता नंबर, ५३४. बरोबर एक वर्षाने, १९३१ च्या डिसेंबरमध्ये, जागतिक मंदीमुळे पैसे संपले आणि काम बंद. सव्वादोन वर्षं तो अर्धवट सांगाडा तसाच गंजत उभा होता आणि हजारो कामगार घरी. शेवटी सरकारने कर्ज दिलं आणि एप्रिल १९३४ मध्ये कामगार बॅगपाइप वाजवत परत यार्डात शिरले.

मी बाबांना मराठीत सांगत होते. बॅगपाइपचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडे परत नाही वाजलं." मला एक सेकंद कळलं नाही. मग कळलं, ते आमच्या काकांबद्दल बोलत होते. काका लालबागला मिलमध्ये होते, १९८२ च्या संपात जे बाहेर पडले ते पडलेच. आमच्या चाळीत तेव्हा एक बाबा पगार आणायचे आणि दोन घरं जेवायची, हे मला आईकडून माहिती आहे, बाबा स्वतः कधी बोलले नाहीत. लाँग बीचमध्ये एका परक्या जहाजावर उभं राहून ते पहिल्यांदा बोलले, एवढंच एक वाक्य.

मग आम्ही खाली उतरलो.

खाली जाताना आधी एक भलीमोठी रिकामी जागा लागते, नुसती पोकळी, वरती कुठेतरी लोखंडी तुळया. बाबांनी लगेच विचारलं बॉयलर कुठेत. मी इंग्लिशमध्ये विचारलं. गाईड म्हणाले काढून टाकले, सगळेच्या सगळे, २४ मोठे होते आणि ३ लहान. १९६७ मध्ये लाँग बीच शहराने हे जहाज साडेचौतीस लाख डॉलरला विकत घेतलं आणि म्युझियम आणि हॉटेल करायला जागा पाहिजे म्हणून बॉयलर कापून बाहेर काढले, पुढची इंजिन रूम पण रिकामी केली. त्यासाठी वरची धुरांडी उतरवली तेव्हा कळलं की त्यांचा पत्रा पार कुजून गेलाय, वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांनीच ती उभी होती, म्हणून आज दिसतात ती धुरांडी ॲल्युमिनियमची नवीन आहेत. बाबा त्या पोकळीत मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोट काढून घेतलं की गं हिचं."

मला भीती वाटायला लागली की आता त्यांचा मूडच जाणार. पण मागची इंजिन रूम शाबूत ठेवलीये आणि तिथे जे झालं ते मी विसरणार नाही.

तुम्ही एका लोखंडी कॅटवॉकवर येता आणि खाली दोन्ही बाजूंना प्रचंड पांढरी हिरवट धुडं, पाईप, पायऱ्या, घड्याळांसारखे गेज, मध्ये उंच उभी चाकं. आमच्या ग्रुपमधल्या लोकांना, आणि खरं सांगायचं तर मला पण, ते सगळं एकच मोठं लोखंड दिसत होतं. बाबांनी आधी श्वास घेतला. वास घेत होते. ५६ वर्षं बंद असलेल्या मशिनीला पण ग्रीसचा आणि जुन्या तेलाचा वास आहे. मग त्यांनी खिशात हात घातला आणि चष्मा शोधला, तर जवळचा चष्मा घरी राहिलेला.

"ती पट्टी वाच," म्हणाले. मशिनीवरची नावाची पट्टी. मी वाचली. "आता ती वाच." मग पुढची. पुढचा अर्धा तास मी फक्त पट्ट्या वाचत होते आणि ते मान हलवत होते आणि त्यांच्या डोक्यात ती इंजिन रूम जोडली जात होती.

माझ्या आठ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आजोबा, हे काय आहे?" आणि आजोबांनी जे सांगितलं ते मी आठवेल तसं लिहिते, कारण इतकं सोपं करून मला पण कधी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करायची, साधी कुकरची वाफ नाही, खूप दाबाची आणि खूप गरम. ती वाफ ह्या पहिल्या डब्यात सोडायची, ह्याच्यात हजारो पाती बसवलेला दांडा आहे, वाफ पात्यांवर आपटली की दांडा फिरतो. वाफ जरा थकली, पण तिच्यात अजून दम आहे, म्हणून दुसऱ्या डब्यात, मग तिसऱ्या, मग चौथ्या. प्रत्येक डबा आधीच्यापेक्षा मोठा कारण वाफ पसरत जाते. शेवटी अगदी दमली की खाली कंडेन्सरमध्ये, तिथे समुद्राच्या थंड पाण्याच्या नळ्या असतात, तिचं परत पाणी होतं आणि ते पाणी परत बॉयलरला. फुकट काही घालवायचं नाही. आणि टर्बाईन फिरतं खूप जोरात पण पंखा तेवढ्या जोरात फिरवून चालत नाही, पाण्यात नुसता फेस होईल, म्हणून हा मोठा गिअर, इथे स्पीड कमी करून पंख्याला द्यायचा.

लेक म्हणाली, "मग ती वाफ परत परत तेच काम करते?" आजोबा म्हणाले, "हो, आपल्यासारखीच."

तोपर्यंत गाईड आमच्याजवळ येऊन उभे राहिले होते. भाषा कळत नव्हती पण बाबांचं बोट कुठून कुठे जातंय ते त्यांना बरोबर कळत होतं. त्यांनी मला विचारलं हे कोण आहेत. मी सांगितलं की मुंबईत युद्धनौका बांधायच्या यार्डात फिटर होते, निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटवर काम केलंय, त्याही वाफेच्या टर्बाईनवर चालायच्या. निलगिरी १९७२ साली नौदलात आली, भारतात बांधलेली पहिली तसली मोठी युद्धनौका, मूळ डिझाईन इंग्रजांच्या लिअँडर वर्गाचं. बाबा लागले तेव्हा ती पूर्ण होत आलेली, पण शेवटच्या दोन, तारागिरी आणि विंध्यगिरी, ह्यांच्या इंजिन रूममध्ये त्यांनी वर्षं काढलीत. गाईडने थेट बाबांकडे बघून विचारलं किती हॉर्सपॉवर. बाबांना प्रश्न समजला, त्यांनी इंग्लिशमध्येच उत्तर दिलं, "थर्टी थाउजंड. टू शाफ्ट." गाईड म्हणाले, "वन सिक्स्टी थाउजंड. फोर शाफ्ट." मग वाफेचं प्रेशर, चौरस इंचाला किती पौंड. ह्यांचं ४००, बाबांचं ५५०. बाबांची मान जरा ताठ झाली. त्यानंतर ते दोघं जे बोलत सुटले त्यात माझी गरजच राहिली नाही, थ्रस्ट ब्लॉक, बेअरिंग, फीलर गेज, ब्लू मॅचिंग, हे शब्द दोघांचे सारखेच होते. बाबा हाताने दाखवत होते की बेअरिंगला निळा रंग लावून शाफ्ट टेकवायचा, जिथे जास्त निळं लागेल तिथे स्क्रेपरने हलकं खरवडायचं, परत टेकवायचं, परत खरवडायचं, दिवसच्या दिवस. गाईड मान हलवत होते. ग्रुपमधले बाकीचे लोक पण थांबून बघत होते.

एक जागा आहे तिथे, १३ नंबरचा वॉटरटाईट दरवाजा. जाड लोखंडी दरवाजा आपोआप सरकून बंद होतो, पाणी आत शिरू नये म्हणून. १९६६ मध्ये एका ड्रिलच्या वेळी १८ वर्षांचा एक कामगार पोरगा त्यात सापडला आणि गेला. ह्या जहाजावर भुतांच्या टूर चालतात आणि त्यात ही जागा सगळ्यात फेमस, लोक तिथे फोटो काढतात, आमच्या ग्रुपमध्ये पण एक दोघांनी घाबरल्याची ॲक्टिंग करत काढले. मला ते मनापासून खटकलं. बाबांना मी काय झालं ते सांगितलं तर त्यांनी चपला काढल्यासारखे पाय मागे घेतले आणि हात जोडले. कोणाचं तरी पोर कामावर आलेलं आणि घरी नाही गेलं, एवढंच आहे ते.

युद्धाचं पण आहे बरंच. १९४० मध्ये जहाजाला करडा रंग दिला आणि सैनिक वाहायला घेतलं. मुळात दोन हजारांच्या आसपास प्रवाशांचं जहाज, आणि जुलै १९४३ मध्ये एका फेरीत १६,६८३ माणसं नेली, एवढी माणसं एका जहाजावर त्याच्या आधीही नव्हती आणि नंतरही नाहीत. बंकवर पाळीपाळीने झोपायचे. बाबा म्हणाले आपल्या गाळ्यात पण पाळीनेच झोपायचे, एक रात्रपाळीहून आला की दुसरा उठायचा. आणि २ ऑक्टोबर १९४२ ची गोष्ट आहे, आयर्लंडजवळ संरक्षणाला आलेल्या स्वतःच्याच बाजूच्या युद्धनौकेला, कुरासोआ नावाच्या क्रूझरला, हिने मधोमध कापलं. पाणबुड्यांच्या भीतीने कुठल्याही परिस्थितीत थांबायचं नाही असा हुकूम होता त्यामुळे ही थांबली नाही. तीनशेच्या वर माणसं गेली. हे ऐकल्यावर बाबांनी विचारलं की त्या वेळी ह्या इंजिन रूममध्ये जे होते त्यांना कळलं असेल का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता, खाली काम करणाऱ्याला बाहेरचं काही दिसत नाही, वरून हुकूम देणाऱ्या टेलिग्राफची घंटा वाजते आणि तो चाक फिरवतो.

शेवटी पंखा बघायचा असतो. चार होते, आता एकच जागेवर आहे, त्याच्याभोवती पाण्यातच एक बंद पेटी बांधलीये आणि जहाजाच्या अंगाला दार पाडून तुम्ही आतून त्या पेटीत जाता. अंधार, खाली दिव्यात हिरवं पाणी, आणि पाण्यात तो चार पात्यांचा पंखा, तीस टनांपेक्षा जास्त वजनाचा. बाबा म्हणाले पंखा पाण्यात असताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. कारण डॉकमध्ये जहाज असतं तेव्हा पंखा कोरडा दिसतो आणि पाण्यात गेलं की तो दिसत नाही. ३६ वर्षं.

तिथेच त्यांनी गाईडना विचारायला लावलं की जहाज ड्राय डॉकला, म्हणजे पाणी काढून कोरडं करून दुरुस्तीला, शेवटचं कधी नेलं. उत्तर ऐकून त्यांचा विश्वासच बसेना. म्युझियमचं काम चाललं होतं तेव्हा, म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त झाली. बाबांनी मग मला वर येईपर्यंत समजावलं की खाऱ्या पाण्यातलं लोखंड म्हणजे काय असतं. वेळच्या वेळी डॉकमध्ये घ्यावंच लागतं, खालचं शेवाळ शिंपले काढायचे, पत्र्याची जाडी मोजायची, चिपिंग करायचं, प्रायमर मारायचा, रंग द्यायचा. नाही केलं तर गंज आतून खातो आणि बाहेरून रंग छान दिसतो. आणि ही तर शंभरीकडे चाललेली. मी नंतर वाचलं, २०१७ च्या आसपास एका पाहणीत दुरुस्तीचा अंदाज जवळजवळ २९ कोटी डॉलरपर्यंत गेला होता. जहाज तोडायचं का असाही विचार झाला. ज्यांच्याकडे चालवायला दिलं होतं ते दिवाळखोरीत गेले, २०२१ मध्ये शहराने परत स्वतःच्या ताब्यात घेतलं, खराब झालेल्या लाईफबोटी उतरवल्या, तळाचं पाणी उपसायचे नवीन पंप बसवले आणि मग २०२३ मध्ये लोकांना आत सोडलं. गाईडनी पंपांचं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "हां, पहिलं पंपच." त्यांना त्या सगळ्या ऐकलेल्या इतिहासात सगळ्यात जास्त समाधान पंपांचं झालं असावं.

वर डेकवर आल्यावर वारा होता, समोर बंदर, आई आणि नवरा कॉफी घेऊन बसलेले. बाबा रेलिंगला टेकून म्हणाले, "आपली विक्रांत आठवते तुला?"

आठवते ना. मी तेरा चौदा वर्षांची असेन, मुंबईत विक्रांतचं म्युझियम झालं होतं, २००१ पासून, आणि बाबा मला घेऊन गेले होते. १९६१ साली नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात जिच्या विमानांनी पूर्वेकडची बंदरं बंद पाडली ती. मला त्या दिवसाचं ऊन आठवतं, डेक इतका तापलेला की चपलेतून चटका बसत होता, आणि बाबा शाळेच्या पोरांच्या रांगेत उभे राहून त्या पोरांना न विचारता माहिती देत होते. २०१२ मध्ये धोकादायक झाली म्हणून बंद केली. २०१४ मध्ये लिलावात साठ कोटींना गेली, सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं तरी वाचली नाही, आणि दारूखान्याला नेऊन तोडली. दारूखाना आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाबा तेव्हा रिटायर झालेले, रोज सकाळी फिरायला जायचे, पण ते सगळे महिने त्यांनी त्या बाजूचा रस्ताच सोडून दिला होता. नंतर तिच्या लोखंडाची मोटरसायकल निघाली, शेजारच्या मुलाने मोठ्या अभिमानाने घेतली आणि बाबांना दाखवायला आणली, बाबांनी टाकीवर हात फिरवला आणि छान आहे म्हणाले आणि आत निघून गेले.

मला वाटत होतं ते आता तक्रार करतील की बघ इथले लोक कसे जपतात आणि आपण. तसं काही म्हणाले नाहीत. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. म्हणाले, "ह्यांनी बॉयलर काढले ते चुकलंच. पण मागची खोली ठेवली. एक खोली ठेवली तरी माणसाला कळतं बाकीचं काय होतं ते. आपण विक्रांतची एक इंजिन रूम जरी काढून जमिनीवर ठेवली असती ना..." आणि मग थांबले.

मी पण ह्यावर बराच विचार केलाय आणि मला ते पटतं. आपल्याकडे सगळं किंवा काहीच नाही असं होतं, अख्खं जहाज वाचवायचे पैसे नाहीत म्हणून अख्खंच भंगारात. पण ज्या खोलीत शेकडो माणसांनी तापलेल्या पाईपांमध्ये घाम गाळला ती एक खोली, तिची चाकं, तिच्या पट्ट्या, एवढं जरी राहिलं तर माझ्या लेकीसारख्या पोरीला कोणीतरी वाफेची गोष्ट सांगू शकतं. तोफा आणि विमानं सगळेच ठेवतात. फिटरची जागा कोणी ठेवत नाही.

निघताना गाईड आम्हाला शोधत वर आले. बाबांशी हात मिळवला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला थोडा वेळ. काय बोलले ते वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही, बाबांना विचारलं तर म्हणाले कामाचं होतं.

घरी आल्यावर बाबांनी जेवायच्या आधी नातीकडून ड्रॉइंगचा कागद मागून घेतला आणि डायनिंग टेबलवर बसले. चार डबे काढले, गिअर काढला, शाफ्ट काढला, पंखा काढला, बाणाने वाफेचा रस्ता दाखवला. जिथे बॉयलर नव्हते तिथे पण बॉयलर काढले. मग एका जागी पेन्सिल थांबली. कंडेन्सरमधून पाणी परत वर नेणारा पंप कुठल्या बाजूला होता ते त्यांना आठवेना, आणि मला पण आठवेना, मी पट्ट्या वाचल्या होत्या पण कशाच्या वाचल्या ते मला कुठे कळत होतं.

बाबांनी घड्याळाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे.

"मंगळवारी गर्दी कमी असेल ना गं?" म्हणाले. "तिकीट काढ. आणि ह्या वेळी चष्मा तुझ्या पर्समध्ये ठेव, आत्ताच ठेव."